मधल्या अधिकाऱ्याची घासाघीस
(संस्थेच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने चार शब्द बोलावेत असा निरोप घेऊन चिटणीस आमच्या घरी आले, तेव्हा प्रथम आम्ही नाहीच म्हटले. व्याख्यान देणे हा आमचा पिंड नव्हे. उमेदीची सारी वर्षे रेल्वेच्या कंट्रोलमध्ये टेलिफोन कानाला लावून गेली. तेथे बोलावे लागे पुष्कळ, पण ते सारे गाड्यांविषयी, आणि त्यातले निम्मे भांडणाच्या सुरात. चिटणीस हसून म्हणाले, "मग त्या भांडणाविषयीच बोला. आपल्या सभासदांत रेल्वेची घरे पुष्कळ आहेत. वडील रात्री-अपरात्री फोनवर कोणाशी एवढे हुज्जत घालीत होते, हे मुलांना एकदा कळू द्या." हे म्हणणे आम्हांला पटले. म्हणून आज आम्ही येथे उभे आहोत.

आमच्या घरच्या मंडळींनीही एकदा असेच विचारले होते. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि आम्ही फोनवर "तीस देतो, चाळीस नाही, शेवटचे सांगतो, पस्तीस" असे काहीतरी बोलत होतो. फोन ठेवल्यावर प्रश्न आला, "तुम्ही रेल्वेत साहेब आहात की भाजीबाजारात?" त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेले. पण विचार केला तर प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही बाजारातच होतो. विकायला होती ती मिनिटे.

वडोदऱ्याच्या माणसाला रेल्वे परकी नाही. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची लाइन झाली. तिच्यावर प्रथम बैल लावून डबे ओढीत. १८७३ पासून तेथे इंजिने नियमित धावू लागली. पुढे गायकवाड सरकारची ही रेल्वे वाढत गेली आणि १९४९ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत विलीन झाली. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यातून आजची पश्चिम रेल्वे उभी राहिली. प्रतापनगरला आज विभागाची कचेरी आहे. लालबागेतल्या प्रतापविलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वेचे अधिकारी शिकायला येऊ लागले, आणि त्याच आवारात आता गतिशक्ती विश्वविद्यालयही आहे. देशभरातले तरुण अधिकारी येथे येऊन नियम शिकत, हिशेब शिकत, अपघात कसा टाळावा ते शिकत. आज आम्ही बोलणार आहोत ती गोष्ट मात्र नोकरीत पडल्यावरच कळते. ती म्हणजे मधल्या अधिकाऱ्याची घासाघीस.

मधला अधिकारी म्हणजे कोण? वर रेल्वे बोर्ड आहे, क्षेत्रीय रेल्वे आहेत, त्यांचे जनरल मॅनेजर आहेत. खाली बारा लाखांच्या घरात कामगार आहेत. या दोहोंच्या मधे सत्तरच्या आसपास विभाग आहेत आणि प्रत्येक विभागात निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी आहेत. गाड्या चालविणारे वाहतूक खाते, रूळ आणि पूल सांभाळणारे इंजिनीअरिंग, डबे-वाघिणी पाहणारे यांत्रिक, तारा आणि विजेची इंजिने पाहणारे विद्युत, सिग्नल खाते, भांडार, लेखा, कार्मिक. बाहेरच्या माणसाला वाटते की एवढा मोठा सरकारी कारखाना वरून हुकूम सुटला की चालतो. हुकूम सुटतात हे खरे. पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. गाडी वेळेवर चालवा हाही हुकूम असतो, रूळ वेळेवर दुरुस्त करा हाही असतो, माल अधिक भरा हाही असतो आणि खर्च कमी करा हाही असतो. चारही हुकूम योग्य. पण लाइन एकच, आणि दिवसाचे तास चोवीसच. विहीर एक आणि मोटा आठ, असा हा प्रकार. पाणी कोणी किती ओढायचे हे वरचा साहेब रोज सांगू शकत नाही. ते मधल्या मंडळींनी आपसांत ठरवायचे असते.

ही घासाघीस कशी चालते त्याचे एक-दोन मासले सांगतो.

सकाळी विभागाची बैठक असते. आदल्या दिवशी कोणती गाडी किती मिनिटे उशिरा गेली याचा तेथे पाढा वाचला जातो, आणि गेलेले प्रत्येक मिनिट कोणत्या तरी खात्याच्या नावावर मांडावे लागते. समजा, एखादी एक्सप्रेस बावीस मिनिटे उशिरा गेली. सिग्नल वेळेवर पडला नाही, त्याची आठ मिनिटे. पुढे रुळावर वेगमर्यादा होती, त्याची सहा. इंजिनाने चढावर दम टाकला, त्याची पाच. राहिली तीन. ती तीन मिनिटे कोणीच घेत नाही. बाहेरचा माणूस म्हणेल, तीन मिनिटांत काय आहे? पण महिन्याअखेर हीच मिनिटे साठून कोणाच्या तरी कपाळी डाग लागतो. म्हणून सिग्नलवाला म्हणतो, आमची आठ नव्हेत, सहाच. रूळवाला म्हणतो, आमची वेगमर्यादा अगोदर कळविलेली होती, ती वेळापत्रकात धरली पाहिजे. आम्ही वाहतूकवाले मधे बसून वाटणी करीत असू, आणि खरे सांगायचे तर स्वतःच्या वाट्याला कमी येईल अशा बेताने करीत असू.

दुसरा मासला मध्यरात्रीचा. एका विभागातून दुसऱ्या विभागात किती गाड्या गेल्या आणि किती आल्या, याचा हिशेब रात्री बारा वाजता मिटतो. आपल्या वडोदरा विभागाला मुंबई सेंट्रल, अहमदाबाद आणि रतलाम हे शेजारी आहेत. प्रत्येक शेजाऱ्याला आपल्याकडच्या गाड्या बाराच्या आत पलीकडे ढकलायच्या असतात, आणि पलीकडच्या बाराच्या नंतर यायला हव्या असतात. अकरा वाजल्यापासून सरहद्दीच्या स्टेशनांवर जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. "तुमचे यार्ड मोकळे आहे हे आम्हांला ठाऊक आहे, गाडी घ्या." "मोकळे नाही, दोन लाइनी भरलेल्या आहेत." दोन्ही बाजूंचे अधिकारी एकाच रेल्वेचे, एकाच सरकारचे पगारी, पुष्कळदा एकमेकांचे वर्गबंधू, आणि तरीही दोन सावकारांसारखे बोलतात. घरच्या मंडळींनी ऐकलेली हुज्जत यातलीच.

आमच्या आधीच्या पिढीने या प्रकारातला धोका ओळखला होता. पूर्वी एका रेल्वेची वाघीण दुसऱ्या रेल्वेत जाताना मोडकी निघाली तर मोडली कोणी, यावर वाद होत. देणारा म्हणे धडधाकट दिली, घेणारा म्हणे मोडकी आली. म्हणून सरहद्दीच्या जागी दोहोंपैकी कोणाचाही नसलेला तपासनीस बसविला जाई. त्याला न्यूट्रल ट्रेन एक्झामिनर म्हणत. तो लिहील ते खरे. ही तोड साधी, पण मोठ्या शहाणपणाची होती. घासाघीस बंद करता येत नाही; परंतु तिला साक्षीदार ठेवता येतो.

येथे कोणाचा असा समज व्हायचा की घासाघीस म्हणजे केवळ वाईट. तसे नाही. खाती आपसांत भांडतात म्हणूनच पुष्कळ चुका टळतात. एक उदाहरण सांगतो. २००५ च्या सुमारास रेल्वेने वाघिणींत ठरल्यापेक्षा अधिक माल भरण्यास परवानगी देण्याचे ठरविले. आमच्या भाषेत त्याला 'सीसी अधिक आठ' म्हणत. म्हणजे वाघिणीच्या नेमलेल्या क्षमतेवर आणखी आठ टन. वाणिज्य आणि वाहतूक खात्यांचे म्हणणे असे की, व्यापारी मंडळी तशीही चोरून जास्त भरतात. ते उघड भरू द्या, पैसे घ्या आणि वजन करा. इंजिनीअरिंग खात्याचे म्हणणे असे की, एका आसावर वीस टनांच्या आसपास भार धरून बांधलेल्या वाटेवर तुम्ही तेवीस टनांच्या जवळ नेत आहात. रुळाला तडा गेला तर जबाबदार कोण? यांत्रिक खाते स्प्रिंगांची आणि चाकांची काळजी करीत होते. शेवटी निर्णय झाला तो या भांडणाच्या चाळणीतून गाळून निघाला. सगळीकडे नव्हे, तर नेमलेल्या मार्गांवर, वजनकाटे बसवून, पुलांवर आणि रुळांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून. वाहतूक खाते एकटेच मालक असते तर इतकी सावधगिरी कशाला घेतली असती? आणि इंजिनीअरिंग एकटेच मालक असते तर एक टनही वाढला नसता.

तीच गोष्ट लेखा खात्याची. अ‍ॅक्वर्थ समितीच्या शिफारशीनंतर, सप्टेंबर १९२४ च्या ठरावाने, रेल्वेचा हिशेब सरकारच्या सर्वसाधारण हिशेबापासून निराळा झाला. तो निराळा अर्थसंकल्प पुढे नव्वदहून अधिक वर्षे चालला आणि २०१७ साली पुन्हा सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिळाला. वर काहीही बदलले तरी विभागातले चित्र तेच राहिले. इंजिनीअर दहा मागतो कारण लेखावाला सहाच देणार हे त्याला ठाऊक असते. आणि लेखावाला सहा देतो कारण सहाच लागणार होते म्हणून याने दहा मागितले, हे त्यालाही ठाऊक असते. दोघेही आपापल्या परीने बरोबर. फक्त एकाच माणसाचे त्यात नुकसान होते. ज्याला खरोखरच दहा लागणार होते आणि ज्याने म्हणून दहाच मागितले, त्याचे. हे वाक्य आपण लक्षात ठेवावे अशी आमची विनंती आहे, कारण आजच्या बोलण्याचा सारा भार त्यावर आहे.

आता एक विचित्र गोष्ट पाहा. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातल्या घासाघिशीला रेल्वेत रीतसर घर आहे. १९५२ च्या आरंभापासून 'परमनंट निगोशिएटिंग मशिनरी', म्हणजे वाटाघाटींची कायम यंत्रणा, चालू आहे. विभागात बैठक भरते, विषयपत्रिका असते, युनियनचे पुढारी समोर बसतात, कोण काय बोलले ते लिहिले जाते आणि मागच्या बैठकीत कबूल केलेले का झाले नाही, याचा जाब विचारला जातो. विभागात सुटला नाही तो प्रश्न जनरल मॅनेजरकडे, तेथूनही सुटला नाही तर बोर्डाकडे. ही यंत्रणा असतानाही मे १९७४ मध्ये वीस दिवसांचा देशव्यापी संप झाला आणि त्यात कितीतरी घरे होरपळली, हे खरे. तरीही टेबल होते, कागद होता. अधिकाऱ्या-अधिकाऱ्यांत जी घासाघीस दिवसातून शंभर वेळा होते तिला मात्र ना टेबल, ना कागद. ती टेलिफोनवर होते आणि फोन ठेवला की हवेत विरते. तिची किंमत मात्र हवेत विरत नाही. ती कोणीतरी देतोच, आणि तो बहुधा फोनच्या दोन्ही टोकांना नसतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. विभागाचे आणि स्टेशनाचे नाव घेत नाही. दोष आमचा होता, जागेचा नव्हता.

१९८० नंतरचे दशक होते. आम्ही नुकतेच सहायक अधिकारी झालो होतो. उन्हाळ्याचे दिवस. आमच्या हद्दीतल्या एका स्टेशनावर एक सांधा झिजला होता आणि तो बदलायचा होता. अशा कामासाठी लाइन बंद ठेवावी लागते. तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. मुंबईची मंडळी रविवारच्या मेगाब्लॉकमुळे हा शब्द चांगला ओळखतात. ब्लॉक मागतो रूळवाला आणि देतो वाहतूकवाला. त्या भागाचे पी. डब्ल्यू. आय. वयाने आमच्याहून वीस वर्षांनी मोठे, रुळावर केस पांढरे झालेले. सारे त्यांना आप्पा म्हणत, आम्हीही म्हणत असू. त्यांनी अडीच तास मागितले.

आम्ही म्हटले, "आप्पा, अडीच तास कोठून आणू? दीड घ्या."

ते म्हणाले, "साहेब, आज वाढवून मागितलेले नाही. अडीच म्हणजे अडीच."

आम्ही म्हटले, "सगळेच असे म्हणतात, आप्पा."

फोनवर क्षणभर शांतता झाली. मग ते म्हणाले, "बरे, द्या दीड."

आम्हांला वाटले, आपण एक तास वाचविला. पाहा, रोजच्या व्यवहारात मागणारा वाढवून मागतो म्हणून देणारा कापून देतो, आणि देणारा कापतो म्हणून मागणारा वाढवितो. या चक्रात आम्ही असे रुळलो होतो की समोरचा माणूस खरे बोलतो आहे हे ऐकण्याचा कानच उरला नव्हता.

ब्लॉक सुरू झाला. मागून एक एक्सप्रेस येत होती. सव्वा तास झाला तेव्हा आम्ही पहिल्यांदा विचारले, "झाले का?" पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा. तिकडे उन्हात पंधरा-वीस माणसे पहारींनी रूळ सरकवीत होती आणि स्टेशन मास्तरांचा माणूस धावत जाऊन आमचा प्रश्न त्यांना पोहोचवीत होता. त्या घाईत एका गँगमनची पहार सटकली आणि हात रूळ आणि स्लीपर यांच्या मधे सापडला. दोन बोटे गेली. काम अर्धवट राहिले ते राहिलेच. लाइन मोकळी करून दिली, पण त्या जागी वीस किलोमीटरची वेगमर्यादा घालावी लागली. ती नऊ दिवस राहिली, कारण दुसरा ब्लॉक आम्ही नऊ दिवस देऊ शकलो नाही. त्या नऊ दिवसांत तेथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची काही मिनिटे गेली. वाचविलेल्या एका तासाच्या कितीतरी पट वेळ आम्ही गमाविला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात त्या गँगमनला भेटायला गेलो. आम्हांला पाहून तो उठून बसू लागला. हाताला पट्टी होती, म्हणून दुसऱ्या हाताने नमस्कार केला आणि विचारले, "साहेब, एक्सप्रेस वेळेवर गेली ना?"

एक्सप्रेस सात मिनिटे उशिरा गेली होती. आम्ही त्याला ते सांगितले नाही. गेली, एवढेच म्हटले.

रीतीप्रमाणे चौकशी झाली. निरनिराळ्या खात्यांच्या पर्यवेक्षकांनी जॉइंट नोट लिहिली, तीन सह्या झाल्या. कारण लिहिले होते : कामगाराची असावधानता. त्या कागदात खोटे काहीच नव्हते. पहार त्याच्याच हातून सटकली होती. पण अडीच आणि दीड हे दोन आकडे त्या कागदावर कोठेही नव्हते. आमचे नावही नव्हते. आप्पांना ते लिहिता आले असते, पण त्यांनी लिहिले नाही. पुढे आम्ही त्यांना कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, मी दीड कबूल केले होते. फोन मीही ठेवला."

त्यानंतर आम्ही एक लहानसा उद्योग सुरू केला. कंट्रोलमध्ये एक जाड वही ठेवली आणि तिच्यात रकाने आखले. मागितलेला वेळ, दिलेला वेळ, प्रत्यक्ष लागलेला वेळ, कमी दिला असल्यास कारण आणि कारण सांगणाराची सही. पहिल्या महिन्यात आमच्याच खात्यात कुरबूर झाली. एका वरिष्ठांनी बोलावून विचारले, "आपल्याच खात्याविरुद्ध पुरावा कशाला जमवीत आहात?" त्यांना आम्ही म्हटले, "साहेब, वही दोन्ही बाजूंना धरते." आणि झाले तसेच. जो अडीच तास मागून सव्वा तासात काम उरकीत होता त्याचे बिंग फुटले. जो कारण नसता कापीत होता त्याला सही करताना हात आखडता घ्यावा लागला. वर्षभरात मागितलेला आणि दिलेला हे आकडे पुष्कळ जवळ आले. भांडणे थांबली नाहीत, पण आता ती खऱ्या आकड्यांवर होऊ लागली. त्या वहीने कोणाची बोटे परत आली नाहीत, हेही आम्ही विसरलेलो नाही.

आपण म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. आता संगणक आले. संगणक आले आणि फार चांगले झाले. कंट्रोलमधला पेन्सिलीचा तक्ता गेला आणि गाड्या पडद्यावर दिसू लागल्या. पण १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीजवळ कलिंग-उत्कल एक्सप्रेस घसरली आणि वीसहून अधिक माणसे गेली. तेथे रुळाची दुरुस्ती चालू होती, आणि येणाऱ्या गाडीच्या चालकाला त्याची सूचना नव्हती. ब्लॉक मागितला होता आणि मिळाला नव्हता, ही गोष्ट नंतर पुढे आली. ती बातमी वाचली त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दीड आणि अडीच हेच आकडे डोळ्यांपुढे नाचत होते.

त्याच्याही आधी, २०१२ साली, डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रेल्वेच्या सुरक्षिततेवर अहवाल दिला होता. नियम करणारे, गाड्या चालविणारे आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहणारे सारे एकाच छत्राखाली असू नयेत, सुरक्षिततेसाठी स्वतंत्र अधिकार असलेली संस्था असावी, असे त्या समितीने सुचविले. सरहद्दीवरच्या त्या तटस्थ तपासनिसाच्या मागे जो विचार होता, तोच हा, मोठ्या प्रमाणावर. २०२३ च्या अखेरीस नियमांत दुरुस्ती होऊन 'रोलिंग ब्लॉक'ची पद्धत आली. कोणत्या मार्गावर केव्हा काम करायचे हे कित्येक आठवडे अगोदर ठरवून लिहून ठेवायचे. हे आम्हांला त्या वहीचेच थोरले भावंड वाटते.

दुसरा उपाय असा निघाला की खातीच मोडून टाकावीत. भांडणारी खाती नकोत, सगळ्या अधिकाऱ्यांची एकच सेवा असावी, अशी शिफारस १९९४ पासून एकामागून एक समित्यांनी केली. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने आठ सेवा एक करण्याचे ठरविले. पुढे अनुभव आला की इंजिनीअर हे इंजिनीअरांच्याच परीक्षेतून घेतले पाहिजेत, आणि २०२४ मध्ये ती वाट पुन्हा उघडावी लागली. याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आमचे मत विचाराल तर, पाटी बदलली म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही. लाइन एकच आहे; तिच्यावर गाडी चालवायची की ती दुरुस्त करायची हा प्रश्न एका सेवेतल्या दोघांतही उभा राहील. रूळवाल्याने रुळाची बाजू घट्ट धरावी आणि वाहतूकवाल्याने गाडीची, यात बिघडत काही नाही. भांडावे, पण भांडण लिहिलेले असावे, आणि त्याची किंमत कोणाला पडणार आहे त्याचे नाव दोघांच्याही डोळ्यांपुढे असावे.

आता शेवटचे बोलतो. रेल्वेचे हे पुराण आपल्या धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल. निवृत्तीनंतर काही वर्षे आम्ही आपल्या साहाय्य समितीत बसत आहोत. वर्ष नवे झाले की विद्यार्थ्यांचे अर्ज येतात, औषधोपचाराचे येतात. समितीत आम्ही सारे जाणते लोक. अर्ज वीस हजारांचा असला की कोणीतरी म्हणतो, "वाढवून मागितले असणार, बारा द्या." पुष्कळदा ते खरेही असते. गेल्या वर्षी एका बाईंचा अर्ज आला. मुलीच्या फीची पावती जोडलेली होती आणि मागितले होते तेवढेच. आम्ही सवयीने आकडा कापला. बाई काही बोलल्या नाहीत, पैसे घेऊन गेल्या. त्या पाठमोऱ्या झाल्या तेव्हा आम्हांला आप्पांचा आवाज ऐकू आला : "आज वाढवून मागितलेले नाही." आम्ही अध्यक्ष महाराजांना सांगून तो अर्ज पुन्हा समितीपुढे आणला आणि राहिलेली रक्कम देवविली. पण जे पूर्वी परत आणले गेले नाहीत, असे अर्ज किती असतील?

म्हणून या अमृतमहोत्सवी वर्षात आमची एकच सूचना आहे. समितीच्या वहीत आणखी तीन रकाने आखावेत. मागितले किती, दिले किती, आणि कमी दिले असल्यास का. खाली सही असावी. खर्च एका पट्टीचा आणि पेन्सिलीचा. अर्जदारांनाही सांगावे की लागेल तेवढेच मागा; येथे कापण्याची रीत नाही, तपासण्याची आहे. खरे मागणाऱ्याचे नुकसान होणार नाही एवढा विश्वास एखाद्या संस्थेने मिळविला, तर पंचाहत्तर वर्षांच्या पुण्याईत ती भरच पडेल.

आप्पा आता नाहीत. तो गँगमन पुढे गेटवर नेमला गेला आणि तेथूनच निवृत्त झाला. बदलीच्या निमित्ताने एकदा आमची गाडी त्याच्या गेटवरून गेली. तो हिरवे निशाण घेऊन उभा होता, ज्या हाताची बोटे शाबूत होती त्या हातात धरून. आमची गाडी त्या दिवशी वेळेवर होती.